तिसरे वाचन

प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
पहिले वाचन अंदाजाचे.
दुसरे आणि तिसरे जुळल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.
एकतीस वर्षं कोंडसुऱ्याच्या पोरांना हेच शिकवतोय.
द्रावण गुलाबी झालं की ब्युरेटची तोटी बंद,
चंचुपात्र धुवायचं,
आणि पुन्हा.

प्रणोती डोर्लेकर माझ्याच हाताखालची.
परवा ओहोटीला आली, खांद्यावर
प्लंबरकडून मागून आणलेला लांब पाइप.
तिवरांच्या मागे मांडीभर चिखलात
तिनं आणि इस्माईल होडेकरांनी तो घणानं ठोकून उतरवला.
वर ओढताना खाडी सोडेना,
फणसाच्या चिकासारखी.

पाइप उभा चिरला.
काळं. काळं. कुजक्या अंड्याचा वास. काळं.
साडेचार फुटांवर बोटभर पांढरी वाळू.
मग परत काळं.

"सर, इथं समुद्र आत आला होता. एका रात्रीत."
रात्रच होती कशावरून?
ती हसली. "बरं. एका दमात."
मग पुन्हा करून दाखव, मी म्हणालो.
सवय.

"तो माझ्यासाठी पुन्हा कशाला येईल, सर?
पण पाहुणा घाईत निघाला
तर एकाच खोलीत पसारा ठेवतो होय?
अजून सहा ठिकाणी पाइप घालणार आहे.
सहाही ठिकाणी नुसतं काळं निघालं
तर मी चुकले, असं लिहीन."

इस्माईलभाई पाय धुता धुता म्हणाले,
"आमच्या आज्यान सांगितलान व्हतां,
बंदरावरची बाव एका सालात खारट झाली
ती झालीच."
तिनं ते वहीत उतरवलं,
पण वेगळ्या पानावर.
हाही पुरावा? मी विचारलं.
"नाही. पण पुढचा पाइप कुठं घालायचा, ते कळलं."

वाळूत एक तिसरी निघाली.
दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या.
हे कळायला आमच्याकडं पदवी लागत नाही:
मेलेली तिसरी तोंड वासते,
शिंपा सुटतात, भरती त्यांना दोन दिशांना नेते.
जोडीनं मिटून राहायचं तर
वरून एकदम ओझं पडावं लागतं,
उघडायला जागाच उरू नये इतकं.
शिजूनही न उघडलेली तिसरी
आई ताटाबाहेर काढायची.
ही तशीच एक,
कुणी टाकून न दिलेली.

शाळेत आलो. दोन काचा मांडल्या.
वाळूवर आम्लाचा थेंब: फसफसली.
चिखलावर: गप्प.
पुन्हा.
वाळू फसफसली, चिखल गप्प.
माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या वेळेला ड्रॉपर
आपसूक तिसरीवर गेला.
टोकाला थेंब लोंबत होता.
प्रणोती काही बोलली नाही,
नुसती माझ्या हाताकडं बघत राहिली.

माझं आम्ल बाटलीभर होतं, उद्याही असेल.
हिची बाटली नव्हती.
ती पुण्याला जाणार, वय काढायला,
तिथंही म्हणे तिचा तुकडा खर्ची घालतात,
म्हणजे एकदाच विचारायचं
आणि नीट विचारायचं.

मी हात मागे घेतला.
थेंब खाली पडला, शहाबादी फरशीवर,
आणि फरशी फसफसली.

आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो.
बाकांखाली, दारापर्यंत,
एकतीस वर्षांच्या पोरांनी सांडलेले
पांढरे डाग.
प्रत्येकासाठी मी कुणाला ना कुणाला ओरडलोय.
वाचला मात्र एकही नव्हता.